एकाच घरात दोन बाळांना जुलाब. अंगावर पिणारं घरीच बरं झालं, बाटलीवरचं ऍडमिट. हा दुधाचाच फरक का?

घरकुलची धाकटी सून:

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

आम्ही सोलापुरात विडी घरकुलात राहतो. सासू-सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघं आणि दोन बाळं. माझी मुलगी पाच महिन्यांची, जाऊबाईंचा मुलगा आठ महिन्यांचा. पारा ४२ च्या वर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाणी सुटलं की बॅरल, हंडे, घागरी, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत तेच पुरवायचं. सोलापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहितेय.

गेल्या आठवड्यात आधी सासऱ्यांचं पोट बिघडलं, मग माझं, आणि पाठोपाठ दोन्ही बाळांना जुलाब लागले. माझ्या मुलीला एक लंगोट बदलेपर्यंत दुसरा भरायचा. पिवळं पाणीच नुसतं. अंग कोमट लागायचं. पण ती पीत होती, मधेच हसत होती, शू होत होती. दोन-तीन दिवसांत आपोआप कमी आलं.

पुतण्याला दुसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या. बाटली तोंडाला लावली की दोन घोट घ्यायचा आणि सगळं बाहेर. संध्याकाळी डोळे खोल गेलेले, रडतोय पण डोळ्यात टिपूस नाही, टाळूला हात लावला तर खड्डा लागला. जाऊबाईंनी खांद्यावर घेतला तर मान सोडून दिल्यासारखा पडून राहिला. रात्रीच दवाखान्यात नेला, सलाइन लागलं. आता घरी आलाय, बरा आहे, पण वजन उतरलंय. आणि जाऊबाई आल्यापासून कोणाशी धड बोलत नाहीत.

त्यांचं सिझेरियन झालं होतं. पहिले काही दिवस दवाखान्यातच पावडरचं दूध चालू झालं, घरी आल्यावर बाटली, आणि मग दूध आटलंच. माझी नॉर्मल डिलिव्हरी, मला आईनं माहेरी बसून पाजायला लावलं. यात त्यांचं काय चुकलं?

सासूबाई मला म्हणत होत्या, "तुझंच पोट बिघडलंय, तुझं दूध तिला बाधतंय. दोन दिवस अंगावर घेऊ नकोस, साबुदाण्याचं पाणी दे." मी पाजत राहिले, पण जीव धाकधुकत होता. आता शेजारच्या म्हणतात, बघ तुझ्या दुधानं पोर वाचली. हे ऐकून जाऊबाई आत निघून गेल्या.

मला घरात भांडण जिंकायचं नाही. मला खरं काय ते कळायला हवं. एकाच घरातला, एकाच बॅरलचा जंतू, मग एकीला हलकं आणि दुसऱ्याला एवढं जोरात का? हा खरंच दुधाचा फरक की योगायोग? आणि आईचं पोट बिघडलेलं असताना पाजावं की नाही?

होटगी रोडकर:

ताई, दोन बाळांवरून एवढा निष्कर्ष काढू नका. माझी दोन्ही मुलं डब्याच्या दुधावर वाढली, एकदाही ऍडमिट करावं लागलं नाही. आज एक इंजिनियरिंगला आहे. दात येताना जुलाब होतातच, आठ महिन्यांच्या मुलाचं तेच असेल. आणि सिझेरियन झालेल्या बाईला उगाच दोष देऊ नका, आपल्याकडे सगळं शेवटी बाईच्याच डोक्यावर येतं.

निवृत्त सिस्टर, जुळे सोलापूर:

पोरी, आधी पुतण्या बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नोकरी केली, त्यातला बराच काळ मुलांच्या वॉर्डात. एप्रिल-मे आणि पहिला पाऊस पडल्यानंतरचे दिवस, या दोन वेळेला आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन पोरं असायची. त्यामुळे तुझा प्रश्न मला फार ओळखीचा आहे.

होटगी रोडकर भाऊंचं एक म्हणणं बरोबर आहे. एका घरातल्या दोन बाळांवरून काही सिद्ध होत नाही. पाच महिन्यांचं आणि आठ महिन्यांचं पोर सारखं नसतं. आठ महिन्यांचं रांगतं, खालचं उचलून तोंडात घालतं, वरचं खातं. एकाला रोटाव्हायरसची, म्हणजे पोरांना जोराचे जुलाब लावणाऱ्या विषाणूवरची, लस मिळाली असेल, दुसऱ्याची राहिली असेल. ते आधी तपास. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पोलिओबरोबर ही लसही तोंडातून देतात, सरकारी दवाखान्यात फुकट. पण भाऊ, दातांनी पोरांचे डोळे खोल जात नाहीत. दात येताना पोर हाताला लागेल ते चावतं, त्यातून जंतू पोटात जातो, एवढाच काय तो दातांचा संबंध.

आता मोठ्या आकड्यांचं. बेलारूस देशात ३१ दवाखाने आणि सतरा हजारांवर आया-बाळं घेऊन एक मोठा प्रयोग झाला, २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. आयांना तू पाज, तू पाजू नकोस असं कोणी सांगू शकत नाही. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून दवाखानेच वाटून घेतले. काही ठिकाणी अंगावर पाजण्यासाठी आईला खास मदत दिली, बाकी ठिकाणी नेहमीसारखं चालू ठेवलं. मदत मिळालेल्या गटात पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळं ९.१ टक्के, दुसऱ्या गटात १३.२ टक्के. आणि तिथं पाणी स्वच्छ होतं बरं का, बॅरल भरून ठेवायची वेळ नव्हती.

तुझा प्रश्न जोराचा आहे, म्हणजे जुलाब झालेच तर किती झाले याचा. ब्रिटनमधल्या पंधरा हजारांवर बाळांची माहिती २००७ मध्ये छापली गेली. त्यात दिसलं की सगळी बाळं निव्वळ अंगावर असती तर जुलाबानं दवाखान्यात भरती होणारी ५३ टक्के टळली असती. आणि पाजणं थांबलं की हे संरक्षण लवकरच ओसरतं, हेही त्यातच दिसलं. गरीब देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज तर आणखी कडक आहे. सहा महिन्यांच्या आत अंगावर अजिबात न पिणाऱ्या बाळाला जुलाबानं दगावण्याचा धोका निव्वळ अंगावरच्या बाळाच्या दहापट निघतो. तेव्हा शेजारणींचं बोलणं अगदीच खोटं नाही, पण ते जाऊबाईंच्या तोंडावर बोलायचं नव्हतं.

हे कसं होतं ते सांगते, कारण सासूबाईंच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. तुझं पोट ज्या जंतूनं बिघडलं, त्याला ओळखणाऱ्या पेशी तुझ्या आतड्यात तयार झाल्या. त्यातल्या काही रक्तातून छातीपर्यंत जातात आणि तिथं त्याच जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं दुधात सोडतात. आयजीए म्हणतात त्यांना. ती बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूला थर धरतात आणि जंतूला चिकटूच देत नाहीत. म्हणजे तुमच्या घरात जे काही फिरत होतं, नेमकं त्याच्यावरचंच औषध तुझ्या दुधात उतरत होतं. शिवाय दुधात एक प्रकारची साखर असते, ती बाळाला पचतच नाही. ती चांगल्या जंतूंचं खाणं आहे, आणि वाईट जंतू आतड्याऐवजी तिलाच चिकटून शीतून बाहेर पडतात. लॅक्टोफेरिन नावाचं द्रव्य जंतूंच्या तोंडचं लोह पळवतं. पावडरमध्ये जीवनसत्त्वं घालता येतात, पण तुमच्या घरातला जंतू ओळखणारं काही घालता येत नाही.

त्यामुळे आईला जुलाब असले तरी पाजायचंच. बाधतं ते दूध नव्हे, हात. शौचाहून आल्यावर आणि बाळाचं धुतल्यावर साबण लावून हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. पाणी कमी आहे म्हणून नुसते ओले करून चालत नाही. बाकी कुठंही पाणी वाचवा, इथं नको.

आणि बाळाला जुलाब लागल्यावर तर दूध मुळीच तोडू नये. बांगलादेशात झालेल्या अभ्यासात, जुलाब लागल्यावर अंगावरचं तोडलेल्या बाळांना अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका पाजत राहिलेल्यांच्या पाचपट दिसला. तू सासूबाईंचं ऐकलं नाहीस ते योग्यच केलंस. त्या वाईट नाहीत गं. त्यांच्या काळात जुलाब लागले की पोटाला विश्रांती द्यायची असंच सगळे सांगायचे, मोठमोठे डॉक्टरसुद्धा.

आता बाटलीबद्दल, कारण निम्मी गोष्ट तिथं आहे. वॉर्डात आलेली बाटली मी हातात घ्यायची आणि बूच उघडून आईसमोर उजेडात धरायची. बुचाच्या आट्यांत वाळलेल्या दुधाची पांढरी कड असायची, निपल उलटं केलं की आतून बुळबुळीत. वरून बघाल तर लख्ख. साध्या ब्रशनं ते निघत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन तासांत त्यात काय वाढतं ते सांगायला नको. बाटलीवरच्या बाळाला दुहेरी मार बसतो: जंतू जास्त आत जातो आणि त्याला अडवणारं काही नसतं.

जाऊबाईंना माझा निरोप सांग. सिझेरियननंतरही दूध येतं, पण पहिल्या तासात, पहिल्या दिवसांत कोणीतरी जवळ बसून बाळ छातीला धरून द्यावं लागतं. टाक्यांनी कुशीवर वळता येत नसतं तेव्हा हे काम नर्सचं आहे, सासूचं आहे, आईचं आहे. ती मदत मिळाली नाही तर बाईचा दोष कसा? तुझ्या आईनं तुझ्यासाठी जे केलं ते त्यांच्यासाठी कोणी केलं नाही, फरक तिथून सुरू झाला.

लूमवाला:

सिस्टरनी सगळं सांगितलंय, मी फक्त ओआरएसचं सांगतो. आमच्या गल्लीत एकांच्या घरी पोरगं रात्रभर रडूलालं म्हणून बघायला गेलो. बघतो तर अख्खं पाकीट एका फुलपात्रात कालवून पाजूलाले. ते पाकीट एक लिटर पाण्याचं होतं! खारट ढोण पाणी, पोरगं पिणार कसं? मोठं पाकीट असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळंच्या सगळं टाकायचं, लहान पाकीट २०० मिलीचं असतं, त्यावर लिहिलेलं वाचायचं. अंदाजपंचे करायचं नाही.

दुसरं म्हणजे मेडिकलमध्ये गोड खोक्यातलं जे मिळतं ते ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते, जुलाब आणखी वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. तरी दुकानात मागताना स्पष्ट मागा, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं पाकिटावर लिहिलेलं असतं.

घरकुलची धाकटी सून:

सिस्टर, तुमचा निरोप मी जाऊबाईंना वाचून दाखवला. बाटलीचं बूच त्यांनी स्वतः उघडून बघितलं. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "विचार की, आता पुन्हा दूध येईल का?" म्हणून विचारतेय.

लसींचं कार्डही काढलं. पुतण्याचा साडेतीन महिन्यांचा डोस राहिलाय, तेव्हा ते गावी होते.

अजून दोन गोष्टी. एवढ्या उन्हात माझ्या मुलीला वरचं पाणी द्यायचं की नाही? तिच्या ओठांवर साल येते, सासूबाई चमच्यानं पाणी घालायला बघतात. आणि सहा महिने झाले की माझी रजा संपते. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात बिलिंगला आहे. तेव्हा बाटली चालू करावीच लागेल का? आता मला बाटलीची भीतीच बसलीय.

निवृत्त सिस्टर, जुळे सोलापूर:

जाऊबाईंनी विचारलं यातच मला फार बरं वाटलं.

आठव्या महिन्यात पुन्हा दूध आणणं अवघड आहे, अशक्य नाही. बाळ छातीला जितकं जास्त लागेल तितका शरीराला निरोप जातो. दिवसा पाचेक वेळा आणि रात्री तर नक्की, बाळ पेंगुळलेलं असताना लावून बघायचं, कारण भुकेजलेलं पोर रिकाम्या छातीवर चिडतं. काही आठवडे चिकाटी लागते. किती येईल ते कोणीच सांगू शकत नाही. थोडं आलं तरी ते थोडंही कामाचं आहे. नाही आलं तर तेवढ्यावरून जाऊबाईंनी रडत बसायचं नाही, कारण पुढचं सगळं त्यांच्या हातात आहे.

बाटली आजच फेकून द्या आणि वाटी-चमच्यावर या. स्टीलची वाटी घासून उकळता येते, तिला आटे नसतात. पावडर कालवायची तर पाणी उकळून, ते अजून चांगलं गरम (७० अंशांच्या वर) असतानाच पावडर टाकायची, म्हणजे पावडरीतलेही जंतू मरतात. मग वाटी गार पाण्यात धरून कोमट करायची. डब्यावर लिहिलंय तेवढंच माप, महाग आहे म्हणून पातळ करायचं नाही आणि पोट भरावं म्हणून घट्टही नाही. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. आणि त्याचं वरचं खाणं नीट चालू असू दे: मुगाच्या डाळीचं खिमट, वर तूप, मऊ भात, कुस्करलेलं केळं, ताजं ताजं. आजारपणानंतर काही दिवस रोज एक खाणं जास्त, त्यानंच वजन भरून येईल. राहिलेल्या डोसचं आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून विचारा, वर्षाच्या आत आहे तोवर बघतात.

तुझ्या मुलीला पाणी नको. सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा नको. अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, ऊन असेल तर बाळ जास्त वेळा मागेल, तू जास्त वेळा पाज आणि स्वतः तांब्याभर पाणी जवळ ठेव. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची शू होतेय ना, मग तिला पुरतंय. ओठांची साल दूध ओढण्यानंही येते. सासूबाईंचा तो चमचा म्हणजे बॅरलमधलं पाणी आहे. बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर, सगळ्यालाच सहा महिने नाही म्हणायचं.

मात्र पुन्हा कधी जुलाब लागले तर वेगळं. तेव्हा आधी अंगावर, नेहमीपेक्षा जास्त वेळा, आणि त्याबरोबर ओआरएस. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी सावकाश सुरू करायचं. ओआरएसला हलकं समजू नका. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं वाचवली.

झिंकही डॉक्टरांना विचारून सुरू करायचं. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. आमच्याकडे बहुतेक घरी चौथ्या दिवशी पाकीट फळीवर जायचं. लहान बाळाला गोळी चमच्यात आईच्या दुधात विरघळवून दे, आपोआप विरते, कुटायला लागत नाही.

आणि घरी बसून राहायचं नाही ते कधी: बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, शीमध्ये रक्त दिसलं, पीतच नाही किंवा पिलेलं सगळं उलटतं, सुस्त पडलंय, डोळे किंवा टाळू खोल गेलीय, सहा-आठ तासांत शू नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि वाटेतही अंगावर पाजत जा.

नोकरीचं. सहा महिन्यांनंतर ती खिमट खायला लागेल, त्यामुळे तू वाटतं तितकी अडकणार नाहीस. निघताना पाज, आल्याबरोबर पाज, रात्री हवं तेवढं. मधल्या वेळेसाठी हातानं दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेव. पुस्तकात लिहितात की २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं, पण आपल्या स्वयंपाकघरात उन्हाळ्यात २५ अंश कुठून आणायचे? काढलं की लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नको. तिथं चार दिवस राहतं. लाइट जाऊन-येऊन असेल तर त्याच दिवशी संपव. देताना गॅसवर उकळायचं नाही, डबी गरम पाण्यात धरायची आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. बाटलीची गरजच नाही.

ऑफिसात सांग की मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी देणं कायद्यात आहे, जेवणाच्या सुट्टीशिवाय. त्या वेळेत तिथंच दूध काढून ठेवता आलं तर दूध आटत नाही. फक्त एक स्वच्छ, कडी असलेली खोली माग. संडासात बसून काढू नकोस.

पुतण्याचं झिंक किती दिवस झालं ते बघून उरलेलं पुरं करा, आणि पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत वजन करून इथं कळव.